नाव सोडा, जमीन धरा : अमेरिकन सरहद्दीवरच्या घराण्याचा माग काउंटीच्या दप्तरांतून कसा काढावा

मुलानं किंवा मुलीनं अमेरिकेत संसार थाटला आणि जोडीदार तिकडचाच असला, की कधी ना कधी नातवंडाच्या शाळेतून वंशवृक्षाचं काम घरी येतं. आपल्या बाजूची काळजी नसते. कुणाच्या तरी कपाटात कुलवृत्तान्त असतो, नाहीतर गावाकडच्या एखाद्या काकांना पिढ्या तोंडपाठ असतात. व्याह्यांकडे मात्र गाडी 'आमचे लोक केंटकीहून आले, त्याआधी बहुतेक व्हर्जिनियात होते' इथं येऊन अडते. त्या 'बहुतेक'च्या पलीकडे कसं जायचं, ते इथं सांगतो.

जन्मदाखला शोधण्यात वेळ घालवू नका. व्हर्जिनियात जन्म-मृत्यूच्या नोंदीचा कायदा १८५३ साली आला. केंटकीत १८५२ साली आला, पण अंमल अधूनमधूनच झाला. राज्याची नियमित नोंदणी १९११ पासूनची. चर्चचाही फारसा आधार नाही. सरहद्दीवरचे (म्हणजे गोऱ्यांची वस्ती पश्चिमेकडे नुकतीच सरकत होती त्या भागातले) पाद्री घोड्यावरून फिरते, आणि बाप्टिस्ट मंडळींत तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा नसतोच. मग लिहून काय ठेवलं जायचं? जमीन, कर, कर्ज आणि भांडण. या चार गोष्टींत कोर्टाला रस होता, म्हणून त्या कागदावर आल्या आणि टिकल्या. पूर्वज याच चार ठिकाणी भेटतो.

उदाहरणासाठी अब्राहम लिंकनचं घराणं घेऊ. मोठ्या माणसाचं म्हणून नव्हे. आजोबा व्हर्जिनियातून केंटकीत गेले, बाप केंटकीतून इंडियानात गेला, आणि सरहद्दीवरच्या घराण्यांत जेवढे घोळ असतात तेवढे सगळे या एका घरात सापडतात. शिवाय त्यांचे कागद चांगले तपासले गेले आहेत.

शिरगणतीवरून मागे या

आजपासून सुरुवात करून एकेक पिढी मागे जायचं. दूरच्या पूर्वजाला आधी पकडून खाली उतरू नका. त्या वाटेनं लोक हमखास दुसऱ्याच्या घरात शिरतात. अमेरिकेची शिरगणती दर दहा वर्षांनी होते आणि ७२ वर्षांनी खुली होते, म्हणून सध्या १९५० पर्यंतची पाहता येते. १९०० च्या गणतीत जन्माचा महिना आणि साल आहे. १८८० मध्ये कुटुंबप्रमुखाशी नातं आणि आईवडिलांची जन्मराज्यं आहेत. १८९० ची जवळजवळ सगळी गेली. १९२१ साली वॉशिंग्टनमधल्या इमारतीला आग लागली, त्यात तिचं नुकसान झालं. १८५० ही पहिली गणती, जिच्यात प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव आहे. त्याआधी १७९० पासून १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे वयोगटानुसार आकडे. केंटकीच्या १७९० आणि १८०० च्या याद्या तर उरलेल्याच नाहीत.

म्हणून १८५० ला पोचलात की गणती बाजूला ठेवून काउंटीच्या (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) दप्तराकडे वळायचं. इंटरनेटवर तयार वंशवृक्ष ढिगानं मिळतात. ते वाचा, पण ज्या नोंदीखाली कागदाचा पत्ता नाही ती वहीत उतरवू नका.

त्या साली तिथं कोणती काउंटी होती?

सगळ्यात जास्त लोक इथं चुकतात. कुटुंब एकाच शेतावर चाळीस वर्षं असतं आणि तेवढ्यात काउंटी तीनदा बदलते. आपल्याकडे १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला. डहाणूच्या माणसाचा १९९० सालचा जिल्ह्याचा कागद हवा असेल तर तो 'ठाणे' या नावाखालीच शोधावा लागेल. तिकडे हे पिढीत एकदा नव्हे, चार-पाच वर्षांत एकदा व्हायचं.

केंटकीच्या जमिनीची साखळी पाहा. १७३४ साली व्हर्जिनियात ऑरेंज काउंटी झाली. १७३८ साली तिच्यातून ऑगस्टा काढायचं ठरलं, पण ऑगस्टाचं कोर्ट १७४५ ला सुरू झालं. १७७० ला ऑगस्टातून बॉटेटॉर्ट, १७७२ ला बॉटेटॉर्टमधून फिनकॅसल. १७७६ च्या अखेरीस फिनकॅसल मोडली आणि तिच्यातून माँटगोमेरी, वॉशिंग्टन आणि केंटकी अशा तीन काउंट्या झाल्या. १७८० ला केंटकी काउंटीचे पुन्हा तीन भाग पडले: जेफरसन, फेएट आणि लिंकन. १ जून १७९२ ला केंटकी हे राज्य झालं, आणि आज त्यात १२० काउंट्या आहेत.

यातला कामाचा नियम एकच. काउंटी फुटली तरी जुनी पुस्तकं मूळ काउंटीच्या कचेरीतच राहतात. अब्राहम लिंकन १२ फेब्रुवारी १८०९ ला जन्मला तो हार्डिन काउंटीत. ती जागा आज लारू काउंटीत आहे, पण लारू झाली १८४३ साली. म्हणून त्याच्या बापाचे तिथले कागद हार्डिनच्या कचेरीत, एलिझाबेथटाउनला शोधायचे.

शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीनं काउंट्यांच्या सीमांचा तारीखवार नकाशासंग्रह केला आहे आणि तो फुकट पाहता येतो. एक कागद घ्या, डावीकडे साल, उजवीकडे त्या सालची काउंटी, अशी यादी करा. ही यादी हातात नसताना शोध सुरू केला तर 'काही सापडत नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. राज्यांच्या सीमेजवळचं घर असेल तर पलीकडच्या राज्याचीही यादी करा.

करयाद्या

कंटाळवाण्या, पण सोनं. व्हर्जिनियात वैयक्तिक मालमत्तेच्या करयाद्या १७८२ पासून मिळतात आणि केंटकीनं तीच पद्धत उचलली. गणती दहा वर्षांनी, करयादी दरवर्षी. घोडे किती, गुरं किती, गुलाम किती, एकवीस वर्षांवरचे गोरे पुरुष किती. केंटकीच्या यादीत जमीन कोणत्या ओढ्यावर आहे हेही पुष्कळदा दिलेलं असतं.

एकच साल पाहून काही हाती लागत नाही. पंधरा-वीस सालं सलग उतरवा. एखादा मुलगा एका साली अचानक यादीत आला, तर तो एकवीसचा झाला असावा किंवा नुकताच गावात आला असावा. पुरुषाचं नाव गेलं आणि त्याच जमिनीवर बाईचं नाव आलं, तर तो त्या वर्षभरात वारला असावा. बाप आणि मुलगे एका ओळीखाली एक येत असतील तर ते एकाच दिवशी नोंद करायला गेले असण्याची शक्यता आहे; पण यादी वर्णानुक्रमे पुन्हा लिहिलेली असेल तर हा तर्क चालत नाही, ते आधी तपासा.

जमिनीचे कागद

सरहद्दीवर जमीन दोन टप्प्यांत हातात यायची. पहिला टप्पा सरकारकडून. व्हर्जिनियाच्या १७७९ च्या कायद्याप्रमाणे आधी वॉरंट (इतके एकर जमीन मोजून घेण्याचा परवाना), मग कोणती जमीन हवी त्याची नोंद, मग मोजणी, आणि शेवटी सनद. (ती जमीन शॉनी आणि चेरोकी लोकांची होती, हे वॉरंटावर लिहिलेलं नसतं.) दुसरा टप्पा माणसाकडून माणसाकडे, म्हणजे खरेदीखत, आणि ते काउंटीच्या कचेरीत. केंटकीची वॉरंटं आणि सनदा राज्याच्या लँड ऑफिसच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

लिंकनच्या आजोबांच्या मोजणीचा कागद जवळून वाचण्यासारखा आहे. तारीख ७ मे १७८५, जेफरसन काउंटी, ४०० एकर, ट्रेझरी वॉरंट क्रमांक ३३३४, जागा फ्लॉइड्स फोर्क या ओढ्याची शाखा, 'आता लाँग रन म्हणतात ती'. ओढ्याकाठच्या एका शुगर मेपलपासून सुरुवात. तिथून पूर्वेला ३०० पोल, एका पॉप्लरपर्यंत. उत्तरेला २१३ पूर्णांक एक तृतीयांश पोल, एका बीचपर्यंत. पश्चिमेला पुन्हा ३०० पोल, पांढऱ्या ओकपर्यंत. मग दक्षिणेला तेवढंच खाली येऊन पुन्हा मेपल. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट आणि १६० चौरस पोलांचा एक एकर. गुणाकार करून पाहा: ६४,००० चौरस पोल, म्हणजे बरोबर ४०० एकर. हिशेब जुळला की उतारा नीट वाचला गेला हे कळतं. नाही जुळला तर एखादी बाजू गाळली गेली आहे, किंवा आकडा चुकीचा वाचला आहे.

आता नावं. ज्याच्यासाठी मोजणी झाली तो 'अब्राहम लिंकहॉर्न' (आजोबांचंही नाव अब्राहमच). लिंकन नव्हे. कारकून कानावर पडेल तसं लिहायचा. म्हणून आडनाव शोधताना उच्चाराच्या जवळची सगळी रूपं आधी लिहून काढा, आणि जर्मन घराणं असेल तर भाषांतरित रूपंही: म्युलरचे मिलर झाले, काही त्सिमरमान कार्पेंटर झाले. त्याच कागदाच्या तळाशी मोजणीची साखळी धरणारे दोघे आहेत, अननाया लिंकन आणि जोसाया लिंकन, हे मात्र 'लिंकन' असे लिहिलेले. एकाच कागदावर एकाच घराण्याची दोन स्पेलिंगं. साखळी धरायला जंगलात कोण येणार? भाऊबंद, मेहुणे, शेजारी. म्हणून मोजणीच्या कागदावरचं प्रत्येक नाव उतरवून घ्यायचं, मग ते कितीही फालतू वाटो.

खरेदीखतांच्या पुस्तकांना दोन सूची असतात, विकणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची. दोन्ही पाहायच्या, आणि आपला माणूस मेल्यानंतरची निदान तीस वर्षं पाहायची, कारण वारसांची खतं उशिरा नोंदली जायची. सूचीत बहुधा पहिल्याच विकणाऱ्याचं नाव असतं आणि पुढं 'व इतर'. त्या 'इतर'मध्ये सगळी भावंडं आणि जावई असतात! असं एक हक्कसोडपत्र हाती लागलं तर पिढीच्या पिढी एका पानावर मिळते. मुलाला नाममात्र एक डॉलर आणि 'प्रेमापोटी' दिलेली जमीनही अशीच बोलकी. बायकोची दखल मात्र नवरा जमीन विकताना हमखास येते. नवऱ्यामागे त्याच्या जमिनीच्या तिसऱ्या हिश्श्यावर तिचा हयातभर हक्क असायचा, म्हणून तो सोडल्याचं तिच्याकडून नवऱ्याच्या गैरहजेरीत विचारून लिहून घेत. तिचं पहिलं नाव मिळण्याची पुष्कळदा हीच एक जागा असते. दहा वर्षांच्या अंतरानं दोन खतांत बायकोचं नाव वेगळं आलं तर दुसरं लग्न झालं असेल, किंवा हा माणूसच दुसरा असेल.

ओहायो नदी ओलांडली की चित्र सोपं होतं. १७८५ च्या कायद्यानंतर केंद्र सरकारनं विकलेली जमीन चौकोनांत मोजली: सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिच्यात ३६ सेक्शन, प्रत्येकी ६४० एकर. लिंकनचा बाप थॉमस यानं १८१७ साली इंडियानातल्या व्हिन्सेन्सच्या जमीन कचेरीत १६० एकर नोंदवले: टाउनशिप ४ दक्षिण, रेंज ५ पश्चिम, सेक्शन ३२ चा नैर्ऋत्य चतकोर. शेवटी १८२७ साली सनद मिळाली ती त्यातल्या ८० एकरांची. अशा सनदा केंद्राच्या ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या संकेतस्थळावर नाव घालून निघतात. ओहायोतल्या व्हर्जिनिया मिलिटरी डिस्ट्रिक्टमध्ये मात्र जुनी झाडा-ओढ्यांची मोजणीच चालू राहिली. तिथं चौकोन शोधू नका.

थॉमसनं केंटकी का सोडली? मुलानं १८६० साली लिहून ठेवलंय: काही अंशी गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः जमिनीच्या हक्काच्या अडचणींमुळे. एकाच जमिनीवर तीन-तीन सनदा निघायच्या. डॅनियल बूनसारखा वाटाड्याही त्यात जमिनी गमावून बसला. वंशावळ शोधणाऱ्याला मात्र ही भांडणं पर्वणी आहेत. सर्किट कोर्टाच्या दाव्यांत म्हातारे साक्षीदार वय सांगतात, इथं कधी आलो ते सांगतात, कोण कुणाचा मेहुणा तेही सांगतात. व्हर्जिनियाच्या चॅन्सरी दाव्यांची (वारसा, वाटणी अशा तंट्यांचे दिवाणी दावे) सूची लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाकडे आहे, आणि बऱ्याच काउंट्यांची मूळ पानंही तिथं दिसतात.

लग्न मुलीच्या काउंटीत

लग्नाआधी नवरदेव आणि एक जामीनदार मिळून बाँड लिहून देत: लग्नाला कायदेशीर अडचण निघाली तर इतके पौंड भरू. जामीनदार बहुतेक वेळा मुलीकडचा असतो. मुलगी एकवीसच्या आत असेल तर बापाची किंवा पालकाची संमतीची चिठ्ठीही असते. बाँड हा लग्नाचा बेत. लग्न झाल्याचा पुरावा म्हणजे पाद्र्यानं कोर्टाला पाठवलेली यादी. दोन्ही पाहा.

लिंकनचे आईवडील, थॉमस लिंकन आणि नॅन्सी हँक्स, यांच्या लग्नाची नोंद कित्येक वर्षं सापडत नव्हती, आणि त्यावरून नको त्या कुजबुजी झाल्या. लोक हार्डिन काउंटीत शोधत होते, कारण जोडपं तिथं राहायचं. ती निघाली १८७८ साली, वॉशिंग्टन काउंटीच्या दप्तरात. नॅन्सी तिथं राहत होती. १० जून १८०६ चा पन्नास पौंडांचा बाँड, जामीनदार रिचर्ड बेरी, १२ जूनला लग्न, लावणारे रेव्हरंड जेसी हेड.

मृत्युपत्र नसलं तर बरंच

सगळे मृत्युपत्र शोधतात. मला विचाराल तर मृत्युपत्राशिवाय मेलेला माणूस जास्त कागद मागे ठेवतो: व्यवस्थापकाचा बाँड, मालमत्तेची यादी, लिलावाचा तपशील, मुलांच्या पालकांची नेमणूक, वाटणी. शिवाय मृत्युपत्रात बाप ज्याला आधीच जमीन देऊन बसला त्या मुलाचं नाव कधीकधी येतच नाही. लिलावात कोणी काय घेतलं ते बघा. विधवा आपलीच चूल-भांडी परत विकत घेताना दिसते.

लिंकनचे आजोबा मे १७८६ मध्ये जेफरसन काउंटीत, शेतावर मारले गेले. मृत्युपत्र नव्हतं. त्या दिवशी व्हर्जिनियात थोरल्या मुलाला सगळी जमीन असा कायदा होता; तो रद्द करणारा कायदा मंजूर झाला होता, पण लागू झाला १ जानेवारी १७८७ पासून. सात-आठ महिन्यांच्या फरकानं सगळी जमीन थोरल्या मॉर्डेकायकडे गेली आणि धाकटा थॉमस कोरडा राहिला. मालमत्तेची यादी मात्र नेल्सन काउंटीत आहे, कारण विधवा मुलांना घेऊन तिकडे सरकली होती. मृत्यूचं साल आणि त्या सालचा कायदा शेजारी ठेवल्याशिवाय वाटणी कळत नाही.

या कागदांतले काही शब्द फसवे आहेत. कोर्टाच्या दृष्टीनं 'अनाथ' म्हणजे बाप मेलेलं, वयात न आलेलं मूल. आई जिवंत असू शकते. 'सीनियर' आणि 'ज्युनियर' बाप-लेकच असतील असं नाही. गावातले एकाच नावाचे दोघे, एवढंच. 'सासू' किंवा 'सून' यांच्यासाठीचे शब्द सावत्र नात्यालाही वापरलेले आढळतात.

याद्यांमध्ये गुरांच्या आणि नांगरांच्या ओळीत गुलाम केलेल्या माणसांची नावं आणि किमती येतात. ती वगळून उतारा घेऊ नका. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या गणतीत त्यांची नावं जवळजवळ नाहीतच. १८७० च्या, म्हणजे मुक्ततेनंतरच्या पहिल्या गणतीच्या मागे जाऊ पाहणाऱ्या त्यांच्या वंशजांना तुमच्या पूर्वजाची ही यादी पुष्कळदा हाच एक धागा असतो.

कचेरी जळालेली असेल तर

डिसेंबर १८६४ मध्ये कॉन्फेडरेट (यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या बाजूचा) जनरल हायलन लायन यानं केंटकीत स्वारी केली आणि वाटेतली अनेक कोर्टं जाळली. व्हर्जिनियाच्या काही काउंट्यांनी पुस्तकं सुरक्षित राहावीत म्हणून रिचमंडला पाठवली होती, आणि एप्रिल १८६५ मध्ये रिचमंडच जळलं. लिंकनचे आजोबा जिथून निघाले त्या रॉकिंगहॅमची दप्तरंही १८६४ मध्ये आगीत सापडली.

अशा वेळी ज्याची दुसरी प्रत दुसरीकडे गेली होती ते शोधायचं. करयाद्यांची प्रत राजधानीला जायची. सनदा राज्याकडे असायच्या. जमिनीचे मालक आपली खतं पुन्हा नोंदवायला आणायचे, म्हणून आगीनंतरच्या पहिल्या दोन-तीन पुस्तकांत जुनी खतं असतात. आणि पेन्शनचे अर्ज. १८३२ च्या कायद्यानं क्रांतियुद्धातल्या, म्हणजे इंग्लंडविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या, म्हाताऱ्या सैनिकांना पेन्शन मिळायची. अर्ज काउंटीच्या कोर्टात, आणि ठरलेले प्रश्न: जन्म कुठं व कोणत्या साली, भरती झाली तेव्हा कुठं राहत होता, युद्धानंतर कुठं कुठं राहिलात. ही फाइल वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. पूर्वजानं स्वतःच्या तोंडानं सांगितलेला प्रवास याहून चांगला कुठं मिळणार नाही.

बसल्या जागी काय करता येतं

बरंच. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर खातं फुकट आहे आणि काउंटीची खतं, करयाद्या, बाँड यांची पानंच्या पानं तिथं आहेत. काही पानं फक्त त्यांच्या केंद्रात बसून दिसतात. २०२४ पासून तिथं हस्तलिखितांतल्या मजकुरात शोधायची सोय आली आहे. तिथं आडनावाबरोबर ओढ्याचं नाव घाला. सूचीत कधीच न येणारे साक्षीदार आणि शेजारी त्यातून वर येतात. पण यंत्राचं वाचन ताडून पाहा. जुन्या अक्षरात लांब 'एस' हा 'एफ'सारखा दिसतो, त्यामुळे 'जेसी'चा 'जेफ्सी' होतो. 'जेएनओ' म्हणजे जॉन. आणि १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून तेव्हाच्या फेब्रुवारीतल्या तारखेला दोन सालं लागलेली दिसली तर ती तशीच उतरवा.

एकाच नावाची दोन-तीन माणसं निघतीलच. तेव्हा एक तक्ता करा: तारीख, ओढा, बायको, शेजारी, साक्षीदार, सही की निशाणी. नाव सारखं असलं तरी एकाच साली दोघे दोन वेगळ्या ओढ्यांवर कर भरत असतील, तर सहसा ती दोन माणसं.

कचेरीला पत्र लिहाल तर 'आमच्या घराण्याची सगळी माहिती पाठवा' असं लिहू नका. उत्तर येत नाही. पुस्तक क्रमांक आणि पान क्रमांक देऊन प्रत मागा, आणि त्याच पत्रात विचारा की या मालमत्तेचे सुटे कागद उरलेत का. पुस्तकातली नोंद ही कारकुनाच्या हातची नक्कल असते, सहीसकट. मूळ चिठ्ठीवर माणसाच्या स्वतःच्या हातची सही किंवा फुली असते, आणि एक जण सही करणारा व दुसरा फुली मारणारा निघाला, की तक्त्यातले ते दोन 'जॉन' वेगळे करायला आणखी एक पुरावा मिळतो.